आभाळाला भिणाऱ्या निकमबाई

मे महिन्यात दुपारी चारच्या सुमाराला ढग जमायला लागले की अख्खं कोल्हापूर खूश होतं. उकाड्यानं जीव आंबलेला असतो, वळवाची एक सर यावी म्हणून माणसं गच्चीवर जाऊन उभी राहतात. आमच्या गल्लीत मात्र अशा वेळी एक बाई घराबाहेर यायच्या, पदर कमरेला खोचायच्या आणि आभाळाकडे अशा बघायच्या, की वर कुणीतरी घाण पाण्याची बादली घेऊन त्यांच्यावरच नेम धरून बसलंय. त्या निकमबाई.

मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर पी.टी. शिकवली. निवृत्त झाल्यावर शाळा सुटली, गळ्यातली शिट्टी सुटली नाही. बाजारात जाताना शिट्टी, लग्नाला जाताना शिट्टी. अंगापिंडानं काटक, रंगानं सावळ्या, आणि आवाज असा की रंकाळ्याच्या या काठावरून हाक मारली तर त्या काठावर फिरायला आलेली माणसं आपलाच काहीतरी गुन्हा झाला म्हणून थांबायची. त्यांचं माहेर, लग्न, नवरा कधी गेला, यातलं मला फारसं ठाऊक नाही. जे ठाऊक आहे ते मी सांगणार नाही, कारण बाई वरून शिट्टी मारतील.

आमची गल्ली उताराची. वरच्या टोकाला मोठा रस्ता, खालच्या टोकाला रंकाळा तळं. गल्ली संपते तिथं जुना दगडी घाट आहे, घाटाच्या शेजारी वाळू-मुरमाची एक पट्टी. चौपाटीवर भेळेच्या गाड्या आणि गर्दी असते. इथं ते काही नव्हतं, म्हणून आम्ही त्या पट्टीला ऐटीत ‘आपला किनारा’ म्हणायचो. दर मे महिन्यात त्या किनाऱ्यावर निकमबाई गल्लीतल्या मुलींना पोहायला शिकवायच्या. फुकट. मुलगे काय, कुठंही उड्या मारून शिकतात. मुलींना घेऊन जाणारं दुसरं कुणी नव्हतं. बाई म्हणायच्या, “पाण्याच्या कडंला जन्माला आली आन् पोहता येत न्हाय, म्हंजे घराला दार हाय पण उघडता येत न्हाय.” महापुरात होडीत चढताना ज्या बाया थरथरत होत्या, त्या त्यांनी पाहिल्या होत्या. त्याबद्दल त्या बोलायच्या नाहीत. मुलींना पाण्यात ढकलायच्या.

आम्ही पेठ वडगावहून या गल्लीत राहायला आलो तेव्हा मी पन्नाशीच्या अलीकडं होते आणि स्वतःला बरीच कुणीतरी समजत होते. नवं घर, दारात गुळगुळीत फरशी, आणि मोतिया रंगाची नवी कोरी स्कूटी. ती स्कूटी मी चालवायचे कमी आणि धुवायचे जास्त. चालवायला भीती वाटायची, हे कुणाला कळू नये म्हणून धुण्याचा थाट. रोज सकाळी नळाला पाइप जोडायचा, धुण्याची पावडर मुठीनं टाकायची आणि येणारे-जाणारे बघतायत ना याची खात्री करत फेस करायचा. अशाच एका सकाळी पाठीमागून शिट्टी वाजली. मी जागच्या जागी थांबले. हात वर करायचे तेवढे राहिले.

गटाराकडे बोट दाखवून बाई म्हणाल्या, “ह्याचा घोट घेशील काय?”

मी माझी ठेवणीतली भाषा काढली. म्हटलं, आपला काहीतरी गैरसमज होतो आहे, मी आपल्याला ओळखत नाही. त्या म्हणाल्या, “वळख हुईल की. चल.” आणि माझं मनगट धरून निघाल्या. ओला गाऊन, एका हातात स्पंज, अशा अवतारात नवी शेजारीण गल्लीतून चालली. बाई गटाराच्या कडेनं, नजर फेसावर. माझा फेस पुढं, आम्ही मागं. गॅरेजपाशी त्याला काळ्या तेलाची तकाकी आली. चहाच्या गाडीपाशी चोथा आला. पुढं गवळ्याच्या गोठ्यापाशी काय आलं ते सांगत नाही. मिसळीच्या हॉटेलामागं कटाचं भांडं विसळलं होतं, तो लाल तवंगही सामील झाला. घाटापाशी पोचेपर्यंत माझ्या फेसाला कुणी माझा म्हटलं नसतं, तो सगळ्या गल्लीचा झाला होता. तिथं गटाराचं तोंड किनाऱ्यावर उघडत होतं आणि तिथून हाकेच्या अंतरावर पाठीला पत्र्याचे डबे बांधलेल्या मुली पाण्यात पाय आपटत होत्या.

“हे पावसाचं गटार हाय,” बाई म्हणाल्या. “संडास-मोरीचं न्हवं. ते साफ व्हायला जातंय तरी. हे कुठं जात न्हाय. रस्त्यावर जे पडंल ते सरळ हितं. रोज थोडं थोडं साठतंय, आन् वळीव आला की समदं एकदम.” मग त्यांनी आभाळाकडं पाहिलं. आभाळ त्या दिवशी निळंभोर होतं.

घरी येऊन मी आमच्या ह्यांना सांगितलं की समोर एक वेडी बाई राहते. पेपरातून डोकं वर न काढता हे म्हणाले, “म्हणजे आता गल्लीत दोन झाल्या.”

बदला घ्यायचा म्हणून मी त्यांच्या वर्गात गेले. खरंच. मला वाटलं होतं, ही बाई कशी शिकवते ते बघू आणि चारचौघींत एखादी चूक काढू. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मुलींना हुकूम दिला, मोठा डबा आणा. तेलाचा पंधरा किलोचा डबा माझ्या पाठीला बांधला गेला, तेव्हा सहा-सात वर्षांच्या पोरी एकमेकींना चिमटे काढत होत्या. पाण्यात उतरले तर डबा वर, मी खाली. एवढा मोठा आवाज करत मी आयुष्यात कधी देवाचं नाव घेतलं नव्हतं. इतर मास्तर सांगतात, घाबरू नका. बाई म्हणाल्या, “भी की. कोण न्हाय म्हंतंय? पण पाय हलवत भी.”

हेच त्यांचं सगळं शिक्षण होतं, आणि हीच त्यांची स्वतःची तऱ्हा. त्यांच्याइतकी भित्री बाई मी पाहिली नाही. लोक त्यांना धीट समजायचे, कारण त्या कुणाच्याही दारात जाऊन भांडायच्या. पण मी त्यांना जवळून बघत होते. वळवाच्या दिवसांत त्यांना झोप लागायची नाही. ताटावरून उठून दारात यायच्या, आभाळ बघायच्या, परत बसायच्या. बाहेर पडल्या की हातात पिशवी, वाटेत दिसेल ते प्लास्टिक, द्रोण, पत्रावळ उचलायची. गॅरेजवाल्याला त्यांनी जळकं तेल डब्यात साठवायला लावलं. मिसळवाल्याला कटाची भांडी रस्त्यावर न धुता आत मोरीत धुवायला लावली; त्यासाठी आठवडाभर त्याच्या हॉटेलात बसून मिसळ खाल्ली, नजर सारखी मागच्या दाराकडं. माझ्या मुलीच्या लग्नात तर कहर झाला. पंगत बसली, वाढणं सुरू झालं, आणि बाई पानावरून उठून गायब. शोधायला गेले तर मांडवामागं आचाऱ्यासमोर उभ्या. तो बिचारा तेलकट कढया गटारावर घासत होता. बाईंच्या तोंडी तोच प्रश्न, घोट घेशील काय. नवरीची आई म्हणून मी मध्ये पडायला हवं होतं. मी व्याह्यांच्या मागं लपले. पैठणीत लपणं फार अवघड असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

वर्ग सुरू होण्याआधी रोज सकाळी बाई एकट्या पाण्यात उतरायच्या. गळ्यापर्यंत जायच्या, बुडी मारायच्या, बाहेर येऊन दोन्ही तळवे नाकाशी धरायच्या. वास घेऊन झाला की शिट्टी. शिट्टी वाजली की मुली आत. पाऊस पडून गेला की वर्ग बंद, आणि पुन्हा कधी उघडायचा ते बाईंचं नाक ठरवायचं. त्या नाकावर आमचा सगळ्यांचा भरवसा होता. त्यांचा आमच्याहून जास्त.

एका मे महिन्यात ते नाक चुकलं.

वळीव होऊन दोन-तीन दिवस गेले होते. बाईंनी तळवे हुंगले, म्हणाल्या, गेला वास. मुली उतरल्या. त्यांत सानिका होती, आमच्या गल्लीच्या अगदी खालच्या घरातल्या रेखाची मुलगी. रेखा बालवाडीत शिकवायची. एकटीच्या जिवावर घर चालवणारी, कमी बोलणारी बाई. दुसऱ्या रात्री सानिकाला ताप भरला, सकाळपर्यंत उलट्या आणि कानातून पू. आणखी दोघींच्या अंगावर पुरळ उठलं, पण सानिकाला दवाखान्यात ठेवावं लागलं. सलाइन लागलं. मी भेटायला गेले तर निकमबाई दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलेल्या. आत जायचं धाडस नव्हतं. रेखा औषधं आणायला खाली-वर करत होती, दर वेळी त्यांच्या शेजारून जायची आणि बोलायची नाही. बाई दर थोड्या वेळानं आपले तळवे नाकाशी न्यायच्या, हुंगायच्या, पुन्हा मांडीवर ठेवायच्या. हात स्वच्छ कोरडे होते. मला ते बघवेना.

सानिका उठून बसली त्या संध्याकाळी रेखा त्यांच्यापुढं उभी राहिली. आवाज चढवला नाही. म्हणाली, “बाई, तुमचं मन मला ठावं हाय. म्हणून बोलत न्हाय मी काय. पण आणि एकदा असं झालं, तर गल्लीतली एकबी पोरगी घाटाकडं येणार न्हाय. मी येऊ देणार न्हाय.”

बाई म्हणाल्या, “बरोबर हाय.” एवढंच.

त्या वर्षीचा वर्ग तिथंच संपला. पुढचं वर्षभर बाईंना एकच घोर होता. पुढच्या मेमध्ये मुली पाण्यात उतरल्या पाहिजेत, आणि एकीचाही कान दुखता कामा नये. दारोदार जाऊन त्या तेच सांगायच्या. पाऊस आपल्या हातात नाही, रस्ता आपल्या हातात आहे. आभाळ भरलं की पाऊस पडायच्या आत रस्ता साफ झाला पाहिजे, म्हणजे पाण्याबरोबर न्यायला काही उरणारच नाही. दवाखान्याची गोष्ट सगळ्यांच्या मनात ताजी होती, त्यामुळे या वेळी कुणी वेडी म्हटलं नाही. मीसुद्धा नाही. उलट मी स्वतःला त्यांचा उजवा हात वगैरे समजायला लागले होते.

मे उजाडला. वर्ग सुरू व्हायच्या आधी बाईंना गडहिंग्लजला जावं लागलं, धाकट्या भावाच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. एस.टी.त चढताना मला बजावून गेल्या, आभाळ भरायच्या आत गल्ली लख्ख पाहिजे. त्या परत यायच्या दिवशी सकाळपासून कुंद होतं. मी आणि हिराकाकूंनी गल्ली बाहेर काढली. हिराकाकू म्हणजे आमच्या गल्लीतलं सगळ्यांत जुनं माणूस, त्यांच्या दारातली सडा-रांगोळी बघून लोक घड्याळ लावतील असं वळण. आता आमच्याकडं लख्ख म्हणजे काय? ओलं. केर काढून थांबलं तर ती बाई आळशी. आम्ही बायकांनी बादल्या काढल्या, पाइप जोडले, खराट्यांनी रस्ता घासला, आणि वर्षभराची धूळ, तेल, शेण, पानाच्या पिचकाऱ्या, सगळं गटारात लोटलं. मुलींच्या अंगाचा प्रश्न आहे, जंतू राहायला नकोत, म्हणून मी माझ्या अकलेनं प्रत्येक घरातली फिनेलची बाटली मागवली आणि वरच्या टोकापासून खालपर्यंत शिंपडली. काय दिसत होती गल्ली. मी स्कूटीसुद्धा धुतली, शोभा म्हणून.

बाई उतारावरून खाली आल्या तेव्हा आम्ही दुतर्फा उभ्या होतो. त्यांनी ओला रस्ता पाहिला. नाक आक्रसलं. एकही शब्द न बोलता त्या घाटाकडं चालायला लागल्या आणि आम्ही मागून, बक्षीस समारंभाला निघाल्यासारख्या. किनाऱ्यावर गटाराच्या तोंडापाशी पाणी दुधट झालं होतं. कडेला बोटाएवढे मासे उलटे होऊन लागले होते, एकामागं एक, लाटेबरोबर पुढंमागं होत.

बाई बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मग आमच्याकडं न वळता विचारलं, “गल्ली धुतलीसा व्हय?”

बाकीच्या माझ्याकडं बघायला लागल्या. हिराकाकूंना मात्र आपल्या कामाचा अभिमान होता. त्या म्हणाल्या, “व्हय की. लख्ख.”

“पाणी कुठं गेलं?”

“खाली.”

“खाली कोण हाय, काकू?”

हिराकाकूंनी पदराचं टोक तोंडाशी नेलं. मी फिनेलच्या रिकाम्या बाटल्यांची पिशवी पाठीमागं धरून उभी होते, आणि पैठणीत लपण्यापेक्षाही ते अवघड गेलं.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पाण्याच्या कडेला बसल्या आणि मेलेले मासे वेचून पिशवीत भरायला लागल्या. म्हणाल्या, चूक माझी, लख्ख म्हणाले, कोरडं म्हणायचं राहिलं. वर्ग पुढं ढकलला गेला. त्या दिवसापासून गल्लीचा नियम झाला, कोरडं झाडायचं, सुपलीत भरायचं, गटारात काही लोटायचं नाही. सगळ्यांत मोठं भांडण हिराकाकूंच्या सड्यावरून झालं. सडा नाही तर दार पारोसं वाटतं, हे त्यांचं म्हणणं. बाईंनी हात जोडले. घाला सडा, पण हातानं शिंपडा, बादली ओतू नका, धार उंबऱ्याबाहेर वाहता कामा नये. काकू आठवडाभर फुगून होत्या. नंतर त्याच दुसऱ्यांच्या दारात डोकावायला लागल्या, कुणाची धार वाहते का ते पाहायला.

पण झाडून भागणार नव्हतं, हे बाईंना कळत होतं. गल्लीच्या वर मोठा रस्ता होता आणि तो काही आमचं ऐकणारा नव्हता. म्हणून किनाऱ्याच्या अलीकडं, गटाराच्या तोंडाशी, आम्ही सगळ्यांनी मिळून एक लांबट खड्डा खणला. तळाला खडी, वर वाळू, कडेनं कर्दळ. गटारात आडवी वाळूची पोती रचली, म्हणजे पाणी सरळ तळ्यात न घुसता आधी खड्ड्यात वळावं, तिथं दमावं, घाण टाकावी आणि मग झिरपत पुढं जावं. एक-दोन हलक्या सरी आल्या. पाणी खड्ड्यात वळलं. बाई रोज उठून बघायच्या, आणि त्यांची भूक जरा सुधारली. किनाऱ्याचं पाणी निवळलं. रेखा येऊन बघून गेली. सोमवारी सानिकाला पाठवते, म्हणाली.

शनिवारी दुपारी आभाळ भरून आलं.

शिट्टी वाजायच्या आधीच गल्ली बाहेर होती. खराटे, सुपल्या, कोरडी झाडलोट, पहिला थेंब पडायच्या आत. पाऊस कोसळला तेव्हा बाई खड्ड्याच्या कडेला उभ्या होत्या आणि मी शेजारी छत्री धरून, जी उलटी झाली होती. पाणी आलं. बऱ्यापैकी नितळ. पोत्यांना लागलं, वळलं, कर्दळीत शिरलं. पावसाकडं बघून हसलेल्या निकमबाई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या.

पण सर थांबेना. मोठ्या रस्त्याचं पाणी गल्लीत उतरलं आणि त्याच्याबरोबर ते सगळं आलं जे आमचं नव्हतं. खाण्याच्या गाड्यांवरच्या प्लेटा, कप, पिशव्या, थर्मोकोल, झाडाच्या फांद्या, कुठल्यातरी मांडवाचं कापड. खड्डा बघता बघता भरला. पोती मात्र घट्ट बसली होती, आम्हीच रचलेली. पाणी पुढं जाईना, मागं तुंबायला लागलं, आणि मागं पहिलं घर रेखाचं. उंबऱ्याला पाणी लागलं. मग आत गेलं. दारातून दिसत होतं, रेखा गाद्या उचलून कॉटवर टाकत होती आणि सानिका कॉटवर उभी राहून दप्तर छातीशी धरून होती. या गावात घरात शिरणारं पाणी म्हणजे काय असतं, ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. लोक ओरडायला लागले, पोती काढा. कुणी म्हणालं, जरा थांबा, पाऊस कमी होईल. सगळे बाईंकडं बघत होते.

बाई किनाऱ्याकडं बघत होत्या. पोती काढली की ते सगळं, मोठ्या रस्त्याचं आणि आमचं, एका झटक्यात सरळ तिथं. वर्षभराची मेहनत मातीला. मला वाटलं त्या थांबतील. मी त्यांच्या जागी असते तर थोडा वेळ थांबले असते, खरं सांगते. बाईंनी एकदा रेखाच्या दाराकडं पाहिलं, गटारात उतरल्या आणि वाकल्या.

“धर, शालन,” त्या मला म्हणाल्या.

भिजलेलं वाळूचं पोतं दोन म्हाताऱ्यांना उचलत नाही. आम्ही ते ओढलं. पहिलं निघालं, दुसरं निघालं, तिसरं पाण्यानंच फेकून दिलं. पाणी असं सुटलं की आम्ही दोघी बसलोच त्यात. डोळ्यांदेखत आपला किनारा मधोमध चिरला आणि तळ्यात एक काळा पट्टा पसरत गेला, लांबवर. रेखाच्या घरातलं पाणी उतरलं. ती दारात येऊन उभी राहिली. बाई चिखलात बसून त्या पट्ट्याकडं बघत होत्या, आणि पाऊस कमी होत होता.

त्यानंतरचे दिवस आम्ही वाळूतून कचरा वेचत होतो. पाणी तपकिरी. शाळा सुरू व्हायला थोडे दिवस राहिले होते. एका संध्याकाळी रेखा सानिकाचा हात धरून घाटावर आली. पोरीनं पंजाबी ड्रेसवर टॉवेल गुंडाळला होता. आमच्याकडं बायकासुद्धा ‘येतो, जातो’ म्हणतात, तशीच रेखा म्हणाली, “बाई, हिला घेऊन आलोय. उद्यापास्नं घ्या हिला. तुमी असल्यावर मला भ्या न्हाय.”

“न्हाय,” बाई म्हणाल्या.

“अवो, मीच म्हणतोय की.”

“तू म्हणलीस म्हणून पाणी ऐकतंय व्हय? नाक म्हंतंय, वास गेला. मी नाकाचं ऐकत न्हाय आता.” मग सानिकाकडं बघून, जरा मऊ आवाजात, “ह्या वर्षी न्हाय, बाळा.”

सानिका रडायला लागली. रेखाचा चेहरा पडला. माणूस मोठ्या मनानं काही द्यायला यावं आणि समोरच्यानं हात मागं घ्यावा, तसा. बाईंनाही ते दिसलं असणार. त्या म्हणाल्या, “उद्या आण तिला. समद्यांस्नी आण. पाण्यात न्हाय, पण आण.”

शाळा उघडेपर्यंत रोज सकाळी तो वर्ग भरला. असा पोहण्याचा वर्ग दुसरीकडं कुठं भरला असेल असं मला वाटत नाही. घाटाच्या रुंद पायऱ्यांवर मुली पोटावर पालथ्या पडायच्या, पोटाखाली टॉवेलाची घडी, आणि दगडावर हातपाय मारायच्या. फिरायला येणारी माणसं थांबून हसायची. पाणी चार हातांवर, आणि या बाया कोरड्या दगडावर पोहतायत. बाई ओळींमधून फिरायच्या, कुणाचा घोटा धरून फिरवायच्या, कुणाच्या कोपराला टिचकी मारायच्या. मी सगळ्यांत खालच्या पायरीवर असायचे, मापाला पायरी पुरत नव्हती तरी.

जूनमध्ये बाई गडहिंग्लजला भावाकडं गेल्या, त्याचा गुडघा बरा होईपर्यंत म्हणून. त्याच वर्षी थंडीत तिथंच वारल्या. पुढच्या काही मे महिन्यांत गल्लीतल्या मुली पाण्यात उतरल्या, काही मे महिन्यांत आम्ही त्यांना उतरू दिलं नाही. अजून तसंच चाललंय. आभाळ भरलं की मीही ताटावरून उठून दारात येते, आणि नाती हसतात.

बाई घाटावर शेवटच्या दिसल्या त्या सकाळी ऊन पडलं होतं, दगड तापायला लागले होते. बुडी शिकवायची होती. त्या म्हणाल्या, तोंड पाण्यात घाला, म्हणजे दगडाकडं. श्वास धरा. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही. आम्ही सगळ्यांनी तोंडं खाली घातली. थोडा वेळ गेला. आणखी गेला. बाईंचा आवाज येईना. मी एका डोळ्यानं वर पाहिलं. त्या आमच्याकडं पाठ करून पाण्याशी उभ्या होत्या. पलीकडच्या काठावर, झाडांच्या वर, एक काळपट ढग डोकं काढत होता. बाई त्याच्याकडं बघत होत्या, मग गटाराच्या तोंडाकडं, मग पुन्हा त्याच्याकडं. आम्ही त्यांच्या ध्यानातच राहिलो नव्हतो. माझ्या शेजारी सानिकाचे कान लाल झाले होते, गाल पुरीसारखे फुगलेले, डोळे माझ्यावर. सोडू का, असं ते डोळे विचारत होते. मी मान हलवली, नाही. कुठल्याच ओळीतून एक सुस्कारासुद्धा आला नाही. बाई तशाच पाठमोऱ्या उभ्या होत्या, आणि आम्ही सगळ्या दगडावर बुडी मारून, श्वास धरून पडलो होतो.